उतरलेलं लाइट बिल परत चढतंय? आधी मीटरसमोर जाऊन उभे राहा

तक्रार नेहमीची आहे. बिल जास्त येतं म्हणून आपण काहीतरी बदलतो. एलईडी दिवे लावतो, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे आणतो, पाच स्टारचा फ्रीज घेतो. दोन-तीन महिने बिल उतरतं, घरात कौतुक होतं, आणि मग गुपचूप पहिल्या जागेवर येऊन बसतं. कधी त्याच्याही वर.

आमच्याकडे कोथरूडला दोन बेडरूमचा फ्लॅट, माणसं चार: मी, नवरा, सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. गेल्या मार्चमध्ये चारही पंखे बदलले. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये २०५ युनिट होते, ते १६८ झाले. पावसाळ्यापर्यंत त्यातला निम्मा फायदा उडाला होता. डिसेंबरात बिल हातात आलं तर २५८! आदल्या डिसेंबरात १९६ होते. म्हणजे पंखे बंद असलेल्या महिन्यात ६२ युनिट जास्त.

अशा वेळी घरोघरी दोन शंका ठरलेल्या. एक, मीटर पळतंय. दोन, कोणीतरी गिझर बंद करायला विसरतंय. आमच्याकडे दोन्ही शंका चुकीच्या निघाल्या. पण त्या खोडून काढता काढताच खरी गळती सापडली, म्हणून जसं केलं त्याच क्रमाने सांगते.

रुपये सोडा, युनिट बघा

बिलावरचा रुपयांचा आकडा दरवाढीने हलतो, इंधन समायोजनाने (इंधनाच्या खर्चाप्रमाणे बिलात होणाऱ्या कमी-जास्तीने) हलतो, त्याचा तुमच्या सवयींशी संबंध नाही. युनिट बघा, आणि ते किती दिवसांचे आहेत तेही बघा. रीडिंग ३० ऐवजी ३५ दिवसांनी घेतलं असेल तर युनिट वाढलेले दिसणारच. युनिटना दिवसांनी भागा, रोजचा आकडा काढा आणि तो गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. मागच्या महिन्याशी तुलना करून काही कळत नाही, कारण पुण्यात मे महिना आणि जुलै ही दोन वेगळी गावं आहेत. मीटरपर्यंत कोणी पोचू शकलं नसेल तर सरासरीचं बिल येतं आणि पुढच्या महिन्यात त्याची वसुली होते. तसं असेल तर शोधाशोध करायच्या आधी एक बिल थांबा.

एक गैरसमज इथेच मिटवते. आपल्याकडे घरगुती वापराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटचे आहेत. ३०१ वा युनिट पडला की सगळंच बिल वरच्या दराने लागतं, असं बरेच जण समजतात. तसं नाही. वरचा दर फक्त ३०० च्या पुढच्या युनिटना लागतो. पण म्हणूनच जे युनिट वाचतात ते तुमचे सगळ्यात महागडे युनिट असतात.

मीटर पळतंय का?

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात एक आकडा छापलेला असतो, एका युनिटला किती लुकलुक ते सांगणारा. आमच्या मीटरवर ३२०० आहे. तुमच्यावर वेगळा असेल तर ३६ लाखांना त्या आकड्याने भागा. ३२०० साठी उत्तर येतं ११२५. आता दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. त्या क्षणी घर किती वॉट ओढतंय ते समोर येतं. मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं, बाकी कसलंही उपकरण लागत नाही. एका लुकलुकीवर विसंबू नका, दहा मोजून सरासरी काढा.

पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. घरातला मेन स्विच बंद करा आणि खाली जाऊन बघा. दिवा थांबला पाहिजे. थांबला नाही तर तुमच्या मीटरवर दुसऱ्याचं काहीतरी चालतंय, किंवा मीटर आणि मेन यांच्यामधल्या वायरिंगमध्ये गडबड आहे. जुन्या बिल्डिंगमध्ये जिन्यातला दिवा कुणा एकाच्या मीटरवर निघाल्याचं मी स्वतः पाहिलंय. तिथून पुढे परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं काम. सीलला हात लावू नका.

दुसऱ्या परीक्षेला माहीत असलेला भार लागतो. माळ्यावर जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब सापडला. बाकी सगळं बंद करून तो एकटा लावला. ३२०० च्या मीटरवर तीन मिनिटांत १६ लुकलुकी यायला हव्यात. आमच्या १६ च आल्या. व्होल्टेज वरखाली असेल तर एखाद-दुसरी इकडे तिकडे होते, ती सोडून द्या. वीस-बावीस यायला लागल्या तर मात्र मीटर तपासणीचा रीतसर अर्ज करा.

हे सगळं रात्री साडेदहाला, पार्किंगमधल्या मीटरच्या खोलीत, एका हातात मोबाइल आणि तोंडात आकडे अशा अवस्थेत चाललं होतं. तळमजल्यावरचे काका डोकावून विचारून गेले, "काय हो, तुमचीच गेली का लाइट?"

घर झोपल्यावर कोण जेवतं?

मीटर निर्दोष सुटलं, आता घराची पाळी. रात्री सगळे झोपल्यावर, दिवे-पंखे बंद असताना, फ्रीजचा प्लगही दहा मिनिटांसाठी काढून मी परत खाली गेले. खरं तर आता दिवा जवळजवळ थांबायला हवा. पण तो दर साडेबारा सेकंदांनी लुकलुकत होता. ११२५ भागिले १२.५ म्हणजे ९० वॉट.

९० वॉट ऐकायला काहीच नाही. पण ते चोवीस तास, तीस दिवस चाललं तर ६५ युनिट होतात. आमच्या बिलाचा चौथा हिस्सा, आणि तो वापरणारं जागं कोणी नव्हतं!

मग एकेक प्लग काढत मोजत गेलो. नवरा वर, मी खाली, फोन चालू. इन्व्हर्टर ४८ वॉट. हॉलमधला सेट-टॉप बॉक्स १४. आईंच्या खोलीतला १२. राउटर ९. उरलेले सात वॉट पाण्याचा फिल्टर, मायक्रोवेव्हचं घड्याळ वगैरे किरकोळ मंडळींचे.

सेट-टॉप बॉक्सची गंमत अशी की रिमोटने "बंद" केला की फक्त पडदा काळा होतो. बॉक्स हाताला गरमच लागतो. आम्ही रिमोटने बंद करतो, बटण चालूच राहतं. दुसरा बॉक्स पावसाळ्यात आला, मॅच आणि मालिका एकाच वेळी लागायला लागल्यावर. त्याने महिन्याला साडेआठ युनिट खाल्ले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण "टीव्ही तर बंदच असतो."

इन्व्हर्टरचं दुखणं वेगळं. लोडशेडिंग असताना घेतलेली वस्तू आता वर्षातून चार-सहा वेळा उपयोगी पडते, पण तिची बॅटरी चार्ज करणं रोज चालू. बॅटरी जुनी झाली की चार्ज धरत नाही आणि इन्व्हर्टर तिला पाजतच राहतो. लाइट गेलेली नसताना बॅटरीच्या बाजूला हात लावून बघा. कोमट लागली तर समजा.

आता गिझर

आमच्याकडे गिझरवरून रोज सकाळी एक फेरी होते. आई साडेपाचला लावतात, मुलगा नऊला उठतो, मध्ये कोणीतरी बंद करतं, मग "पाणी गार आहे" म्हणून ओरड, परत चालू. मी स्वतः बंद करणाऱ्यांच्या पक्षात होते.

एका रविवारी ठरवलं की मोजूनच बघू. सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर पंचवीस लिटरचा गिझर तापू दिला आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ चालू ठेवला. गरम नळाला कोणी हात लावायचा नाही. आईंनी खुर्ची टाकून पहाराच दिला. गिझरचा लाल दिवा लागला की कॅलेंडरच्या मागे एक रेघ, शेजारी किती मिनिटं लागला ते. रात्री हिशेब केला: बारा तासांत पाच रेघा, मिळून १२ मिनिटं. गिझर २००० वॉटचा, म्हणजे ०.४ युनिट. नुसतं तापलेलं पाणी तापलेलं ठेवायला एवढंच लागलं, कारण टाकीभोवती फोमचं आवरण असतं.

मग वीज जाते कुठे? पाण्यात जाते. एक लिटर पाणी एक अंश तापवायला ४.१८६ किलोज्यूल लागतात, यात कुणालाही सूट नाही. थंडीत नळाचं पाणी साधारण १८ अंश धरा, अंघोळीचं ४०. वीस लिटरच्या एका बादलीला अर्धा युनिट लागतो. दिवाळीआधी आम्ही बाथरूमचं काम काढलं होतं, त्यात नवा शॉवर बसवला. शॉवरखाली बादली धरली तर मिनिटाला सात लिटर. चिरंजीव आत असतात आठ मिनिटं, म्हणजे ५६ लिटर, म्हणजे १.४ युनिट. बादलीपेक्षा रोज जवळजवळ एक युनिट जास्त, महिन्याला २८. आणि मुलाचं बघून त्याच्या वडिलांनीही बादली सोडली होती. दोघांचे मिळून ५५. त्यात दुसऱ्या सेट-टॉप बॉक्सचे साडेआठ घाला. डिसेंबरची वाढ ६२ होती.

वर्षभर बटणावरून भांडलो, आणि बारा तास गिझर विसरण्यापेक्षा दुप्पट वीज एका शॉवरमध्ये जास्तीची जात होती. म्हणजे गिझर दिवसभर चालू ठेवा असं मी म्हणत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणारा भाग, अडकला तर ते धोक्याचं आहे. सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ किंवा सारखं उकळतं पाणी येत असेल तर गिझर बंद करून माणूस बोलवा. पण भांडायचंच असेल तर पाण्यावरून भांडा.

गिझरच्या आणखी दोन गोष्टी. वॉश-बेसिनला नवा एकहाती नळ असेल तर त्याची दांडी मधोमध ठेवायची सवय लागते, दिसायला नीट दिसतं म्हणून. मधोमध म्हणजे निम्मं पाणी गिझरमधून. हात धुऊन होईपर्यंत गरम पाणी नळापर्यंत पोचतही नाही, पाइपात गार होतं, आणि तेवढंच गार पाणी टाकीत शिरतं. दांडी उजवीकडे, म्हणजे गारच्या बाजूला ठेवा. (तुमच्या प्लंबरने उलटं जोडलं असेल तर डावीकडे. आमच्याने एका बेसिनला तसं केलंय.) दुसरं, खडकवासल्याचं पाणी मऊ असतं, पण टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. पाणी तापायला वेळ लागायला लागला, आतून कडकड आवाज यायला लागला की कॉइल साफ करून घ्या, आणि थर्मोस्टॅट ७५ वर असेल तर ५५-६० वर आणा. पाणी जितकं जास्त तापवाल तितका थर लवकर बसतो.

गच्चीवर सोलर असून गिझर लावणारे

बहिणीकडे बाणेरला सोलर वॉटर हीटर आहे. तो बसवणाऱ्यांना महापालिका मिळकत करात सवलत देते, म्हणून बऱ्याच बिल्डिंगवर दिसतो. तरीही तिच्याकडे रोज गिझर चालू. कारण काय, तर "सोलरला गरम पाणी येतच नाही." प्रत्यक्षात गच्चीपासून तिच्या मजल्यापर्यंतच्या पाइपात रात्रभर गार झालेलं दहा-बारा लिटर पाणी असतं. नळ सोडला, अर्धी बादली गार आली, की माणूस कंटाळून गिझरचं बटण दाबतो. पुढचा अर्ध्या तासाने येतो, तोवर पाइप परत गार, परत तेच. उपाय शोधायला इंजिनिअर लागत नाही. पहिली बादली फरशी पुसायला काढून ठेवायची आणि सगळ्यांनी पाठोपाठ अंघोळी उरकायच्या. बहिणीच्या सोसायटीत पाइपाला आवरण घालायचा ठराव दोन वर्षं "पुढच्या मीटिंगला" चाललाय, तोवर एवढं तरी.

पंख्यांचं काय झालं होतं

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. जुना पंखा ७५ वॉटचा होता तेव्हा खोलीतून उठताना हात आपोआप बटणाकडे जायचा. नवा २८ वॉटचा आल्यावर घरात एक वाक्य रुळलं: "राहू दे, त्याला काय लागतंय." रिकाम्या खोल्यांत पंखे फिरायला लागले. चार पंखे रोज सहा तास जास्त म्हणजे महिन्याला वीस युनिट. वाचलेल्या सदतीसातले निम्मे तिथेच गेले. पाच स्टारचा एसी घेतलेल्या घरांत हेच मोठ्या प्रमाणावर होतं: पूर्वी तासभर लावायचे, आता "हा कमी खातो" म्हणून रात्रभर. यंत्र खरंच कमी खातं. आपण त्याला जास्त वेळा वाढतो. बिल परत चढण्याचा जो आजार मी सुरुवातीला सांगितला, त्याचं मूळ बहुतेक घरांत इथे सापडेल, म्हणून नवी वस्तू आणल्यावर पहिले तीन महिने तिचे तास मोजा.

उन्हाळ्याची वेगळी परीक्षा

मार्च ते मे बिल फुगत असेल तर एसीच्या आधी खिडक्यांचं वेळापत्रक बघा. पुण्यात उन्हाळ्यातसुद्धा संध्याकाळी वारा सुटतो आणि मे महिन्यातही उत्तररात्री पारा साधारण बावीस-तेवीसवर उतरतो. पण नदीकाठच्या भागांत फेब्रुवारीपासून जलपर्णी आणि डास. म्हणून सहाच्या ठोक्याला खिडक्या बंद. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आत उष्णता सोडतो, ती बाहेर जायला वाट नाही, नऊला खोली भट्टी आणि मग एसी. म्हणजे एसी वापरायची सवय लावली डासांनी. माझ्या मैत्रिणीने जाळ्या बसवून घेतल्या आणि तिचा एसी अडीच तास उशिरा सुरू व्हायला लागला.

एसी लावलाच तर १८ वर ठेवून खोली लवकर गार होत नाही, फक्त यंत्र थांबायचं विसरतं. एक अंश वर ठेवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. २०२० च्या जानेवारीपासून नवे एसी सुरू होताना २४ वरच सुरू होतात ते त्यामुळेच. सोबत पंखा मंद ठेवा, एसीच्या आतली जाळी पंधरा दिवसांनी धुवा, आणि टायमर पहाटे दोनचा लावा. दोन वाजता बाहेरची हवा तुमच्या एसीइतकीच गार असते, फुकट.

किरकोळ

फ्रीज भिंतीला चिकटवू नका आणि त्याच्या बाजूंवर झालर सोडू नका. दारात कागदाची पट्टी अडकवून ओढा, सहज निघाली तर गॅस्केट, म्हणजे दाराभोवतीचं रबर, गेलं. आतल्या आकड्यांच्या चकतीवर मोठा आकडा म्हणजे जास्त गार, हे आमच्याकडे अनेक वर्षं उलटं समजलं जात होतं. वॉशिंग मशीनमध्ये ६० अंशांचा प्रोग्रॅम रोजच्या कपड्यांना नको, तिथेही वीज पाणी तापवण्यातच जाते. मिक्सरवरून कोणाला बोलू नका, दहा मिनिटांच्या वाटणाला युनिटचा आठवा हिस्साही लागत नाही. आणि नऊ वॉटचा बल्ब दहा तास विसरला तर ०.०९ युनिट. आमच्या घरातली निम्मी बोलणी या ०.०९ वरून झालेली आहेत.

आमचं आत्तापर्यंतचं

नवरा बादलीवर परत आला, कुरकुर करत. मुलगा आला नाही, पण साबण लावताना नळ बंद करतो, आठाची चार मिनिटं झाली. दोन्ही सेट-टॉप बॉक्स एकेका बटणाच्या पट्टीवर घेतले आणि रात्री शेवटी झोपणारा ते बटण बंद करतो. जानेवारीचं बिल १९४. आई अजूनही गिझर साडेपाचला लावतात, आणि आता कोणी काही बोलत नाही.

इन्व्हर्टरचे ४८ वॉट मात्र जसेच्या तसे आहेत. बॅटरी बदलायची की इन्व्हर्टरच काढून टाकायचा, यावर घरात दोन तट आहेत. बॅटरीवाला शनिवारी येतोय. तो काय म्हणतो ते ऐकून घेऊच, पण नवी बॅटरी लावली तरी तो जायच्या आत एकदा खाली जाऊन सेकंद मोजणार आहे.